पिन ४० वर, मग हाताला २० का? घरच्या मल्टीजिमची केबल समजून घेताना

घरातल्या मल्टीजिमवर पिन ४० किलोच्या भोकात घालून वरचा लॅट बार, म्हणजे डोक्यावरून खाली ओढायचा दांडा, ओढला, की हाताला साधारण ४० किलो लागतात. पिन तिथेच ठेवून दुसऱ्या स्टेशनवर, म्हणजे यंत्रावरच्या दुसऱ्या व्यायामाच्या जागी बसलं, तर तेच ओझं २० किलोंसारखं वाटू शकतं. छातीसमोरचे दांडे ढकलताना तर तिसराच अनुभव येतो. यात यंत्राची काही खोट नाही. प्लेटपासून हातापर्यंत केबल ज्या वाटेने येते, ती वाट दर स्टेशनला बदलते. ही वाट एकदा नजरेने चालून बघितली की पिनेवरच्या आकड्याचा अर्थ लागतो, कुरकुर कुठून येते ते सापडतं, केबल कुठे तुटेल याचा अंदाज येतो आणि वापरलेलं यंत्र बघायला गेल्यावर नेमका कुठे हात लावायचा तेही कळतं.

इथे बोलतोय ते एकाच वेट स्टॅकच्या, म्हणजे वजनी प्लेट्सच्या एकाच थप्पीच्या मल्टीजिमबद्दल, कारण फ्लॅटमध्ये सहसा तेच येतं. चौकोनी पाइपची चौकट, दोन चकचकीत गाईड रॉड, त्यांवर ओवलेल्या दहा-पंधरा प्लेट्स, एक पिन, दोन-तीन केबल्स आणि बऱ्याच पुल्या. वर लॅट बार, समोर चेस्ट प्रेसचे (पुढे ढकलायचे) आणि बटरफ्लायचे (बाजूंनी समोर मिटायचे) दांडे, पायांशी लेग एक्स्टेंशनचा (नडगीने वर उचलायचा) दांडा, तळाला लो पुलीचा हुक. घरगुती यंत्रात स्टॅक बहुधा ४५ ते ७२ किलोंच्या दरम्यान असतो.

स्थिर कप्पी, चल कप्पी

शाळेत शिकलेल्या दोन कप्प्या इथे कामाला येतात. विहिरीवरचा रहाट ही स्थिर कप्पी. ती फक्त दिशा बदलते: दोर खाली ओढला की बादली वर येते, पण दहा किलोंच्या बादलीला दहा किलोंचाच जोर लागतो. मल्टीजिमच्या माथ्यावरची, चौकटीला घट्ट बोल्ट मारलेली पुली हीच. अशा कितीही पुल्या वाटेत आल्या तरी वजन कमी होत नाही, थोडं घर्षण तेवढं वाढतं.

चल कप्पी वेगळी. ती केबलवर तरंगत असते आणि वजनाबरोबर वर-खाली होते. तिच्यावरून गेलेल्या केबलचे दोन पदर वजन वाटून घेतात, म्हणून हाताला निम्मं लागतं. पण जोरात वाचवलं ते अंतरात भरावं लागतं: वजन ३० सेंमी वर न्यायला हात ६० सेंमी ओढावा लागतो. मल्टीजिमच्या मधोमध दोन पुल्या एका पट्टीत अडकवलेला एक तुकडा लोंबताना दिसेल. एका पुलीतून एक केबल, दुसरीतून दुसरी. आकड्यांचा सगळा गोंधळ बहुतेक वेळा या तरंगत्या तुकड्यामुळे होतो.

तुमच्या यंत्रात कुठल्या स्टेशनला काय प्रमाण आहे हे शोधायला माहितीपत्रक लागत नाही, मोजपट्टी पुरते. पिन हलक्या वजनावर लावा. बार किंवा हुक अलगद ओढून केबलचा ढिलेपणा काढा. हात जिथे आहे तिथे एक खूण आणि स्टॅकच्या वरच्या प्लेटपाशी रॉडवर चिकटपट्टीची दुसरी खूण करा. आता हात बरोबर ६० सेंमी ओढा आणि दुसऱ्या कोणाला प्लेट किती वर आली ते मोजायला सांगा. प्लेट ६० सेंमी आली तर पूर्ण वजन, ३० आली तर निम्मं, ४५ आली तर पाऊण. सूत्र इतकंच: प्लेटचं अंतर भागिले हाताचं अंतर, गुणिले पिनेवरचा आकडा. प्रेसचे दांडे कमानीत फिरतात, त्यामुळे तिथे मुठीने कापलेलं अंतर सुतळीने कमानीवरूनच मोजायचं. दांड्यांच्या बाबतीत तरफेची लांबीही आपोआप याच मोजणीत येते, तिचा वेगळा हिशोब करावा लागत नाही. एखाद्या स्टेशनला प्लेट हातापेक्षा जास्त सरकली तर घाबरू नका, तिथे हाताला पिनेवरच्या आकड्यापेक्षा जास्त लागतंय इतकाच त्याचा अर्थ. ही प्रमाणं कागदावर लिहून चौकटीला चिकटवून टाकावीत.

दुसरी मोजणी घर्षणाची. प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल हुककाटा यासाठी छान चालतो, फक्त त्याच्या क्षमतेच्या आत राहायचं. काटा लो पुलीच्या हुकात अडकवून स्टॅक अगदी सावकाश वर न्या आणि चालता आकडा वाचा, मग तसाच सावकाश खाली सोडत पुन्हा वाचा. समजा वर जाताना ३३ आणि खाली येताना २७ दिसले. मधला आकडा ३०, तो खरा भार. वर-खाली तीन-तीन किलो घर्षणाचे. म्हणजे उचलताना यंत्र तुमच्याविरुद्ध आणि सोडताना तुमच्या बाजूने! स्नायूंना मात्र हे नको असतं, कारण वजन सावकाश खाली सोडण्यातही व्यायामाचा मोठा भाग असतो आणि घर्षण नेमका तोच खाऊन टाकतं. यंत्र नवीन असताना हे दोन आकडे लिहून ठेवले की पुढे फरक वाढला तर रॉड मळलेत किंवा एखादी पुली अडकतेय हे डोळ्यांना दिसायच्या आधी कळतं.

यातून एक गोष्ट ओघानेच येते. जिममधल्या यंत्रावर ५० आणि घरच्यावर ५० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याच्या यंत्राशी तर नाहीच नाही. आपला आकडा आपल्याच यंत्राशी, आपल्याच मागच्या महिन्याशी ताडायचा.

काही यंत्रांत पुली गोल नसून शंखासारखी किंवा लंबगोल असते. स्नायूचा जोर सांध्याच्या सगळ्या कोनांत सारखा नसतो, कुठे जास्त तर कुठे कमी, म्हणून भारही तसाच बदलत नेण्याची ही युक्ती. अमेरिकेत हॅरॉल्ड झिंकिन यांनी १९५७ मध्ये एकाच चौकटीत अनेक स्टेशनं बसवलेलं युनिव्हर्सल यंत्र आणलं, आजच्या मल्टीजिमचं ते पूर्वज. आर्थर जोन्स यांनी १९७० पासून ही शंखाकार पुलीची यंत्रं विकायला काढली आणि नावही नॉटिलस या शंखवर्गीय प्राण्यावरूनच ठेवलं. घरगुती स्वस्त मॉडेलमध्ये अशी पुली असली तर उत्तम, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्याइतका फरक पडत नाही.

घेण्याआधी

मल्टीजिमची बैठक साधारण १.२ बाय १.८ मीटर, उंची दोन मीटरच्या थोडी वर. पण जागा फक्त तेवढी धरून चालत नाही. बटरफ्लायचे दांडे बाजूला उघडतात, लो पुलीवर रोइंग करायला समोर माणूस पाय लांब करून बसतो, आणि केबल बदलायला मागे हात जावा लागतो. म्हणून भिंतीला चिकटवायचं नाही, मागे किमान ४५ सेंमी सोडायचे. आणि वर पंखा कुठे आहे ते बघायचं. लॅट बार पकडायला उभं राहून हात वर नेला की पंख्याची पाती किती जवळ आहेत, हे यंत्र बसल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही.

जमीन हा भार घेईल का, हा प्रश्न वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना पडतोच. भारतीय मानकानुसार घरातल्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो वापरभार धरून आखतात. दीडशे किलोंचं यंत्र आणि ऐंशी किलोंचा माणूस मिळून २३० किलो, आणि तो दोनेक चौरस मीटरवर पसरतो. चांगल्या अवस्थेतल्या आरसीसी इमारतीत हे सहज बसतं. लाकडी तुळयांचा जुना वाडा, गळका स्लॅब, सळ्या उघड्या पडलेली बाल्कनी असेल तर मात्र आधी इंजिनीअरला दाखवा. स्लॅबपेक्षा टाइलला धोका जास्त, कारण चौकटीच्या पायाखाली सगळा भार बोटभर जागेत येतो. आठ-दहा मिलिमीटरचा रबरी मॅट खाली घातला की टाइलही वाचते आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोपही.

बंद केलेल्या बाल्कनीत यंत्र ठेवायचा मोह मुंबईत फार. पण खारा वारा आणि पावसाळी ओल यांना सगळ्यात आधी सापडतात ते गाईड रॉड आणि केबलची टोकं. दुसरी जागाच नसेल तर निदान खिडकीच्या थेट समोर नको.

पाइपची जाडी विचारा. ५० बाय ५० मिमीचा पाइप आणि दोन मिलिमीटरचा पत्रा, बाजारात ज्याला १४ गेज म्हणतात, हे घरगुती वापराला पुरेसं. बाहेरून जाड दिसणारा पण पातळ पत्र्याचा पाइप बोटाने टिचकी मारली की पोकळ, डब्यासारखा वाजतो. प्लेट्स बिडाच्या आहेत की प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या, हे बघा. सिमेंटच्या वजनात तशा खोट्या नसतात, पण जाड असतात आणि वारंवार आपटल्या की आतून भुगा होतात.

सीटचं रेक्झिन ही दुर्लक्षित बाब. पीयूचं मऊ, चामड्यासारखं दिसणारं कापड दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सोडतं, कारण हवेतली ओल पॉलियुरेथेनची साखळीच तोडते. वापर कमी असला तरी हे होतं. पीव्हीसीचं रेक्झिन दिसायला साधं पण कोकणपट्टीत जास्त टिकतं. पापुद्रे निघालेच तर कंपनीची नवीन सीट मागवायची गरज नाही. दुचाकीच्या सीट शिवणारा कारागीर तीच फळी आणि नवा फोम घेऊन थोड्या पैशांत शिवून देतो.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर चार गोष्टी हाताने तपासा: रॉडवरून बोट फिरवून गंजाचा खरखरीतपणा, प्रत्येक पुली टिचकीने फिरवून तिचा आवाज, केबलची दोन्ही टोकं, आणि वेल्डिंगच्या जोडांवर रंगात केसासारखी चीर. पहिल्या तिन्हींवर इलाज आहे. वेल्डला चीर असेल तर यंत्र सोडून द्या.

जोडताना

दोन माणसं, तीन-चार तास, दोन पाने, ॲलन कीचा संच. घाई करणारा इथेच पुढच्या वर्षभराची कुरकुर विकत घेतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक बोल्ट लावला की लगेच करकचून आवळणं. चौकट आधी पूर्ण उभी करायची, बोल्ट फक्त बोटाने घट्ट. मग ओळंबा धरून गाईड रॉड दोन्ही दिशांनी उभे सरळ आहेत का बघायचं, तळ डुगडुगत असेल तर पायाखाली पातळ रबर सरकवायचं, आणि त्यानंतरच खालून वर सगळे बोल्ट आवळत जायचं. रॉड किंचित तिरपे राहिले तर प्लेट्सची भोकं एका बाजूने घासतात आणि तेल कितीही लावलं तरी स्टॅक अडखळतच चालतो.

अपवाद एका प्रकारच्या बोल्टचा. ज्यांवर दांडे फिरतात त्यांना नायलॉनची कडी असलेले नट दिलेले असतात. ते दांडा बाजूला हलणार नाही पण स्वतःच्या वजनाने फिरेल इतकेच आवळायचे. सोडलेला दांडा मध्येच थांबून राहिला तर नट जास्त घट्ट. हे नट दोन-चारदा काढले-घातले की नायलॉनची पकड जाते, तेव्हा नवेच घ्यायचे.

प्लेट्स ओवण्याआधी रॉडच्या तळाशी रबराच्या कड्या घालायला विसरू नका. विसरलात तर सगळ्या प्लेट्स पुन्हा उतरवाव्या लागतील, आणि ती शिक्षाच आहे. प्लेट्सची पिनेची बाजू पुढे आणि खाच एकाच दिशेला. शेवटी वरची प्लेट, तिला जोडलेला भोकांचा दांडा खाली सरकवत. हीच वरची प्लेट पहिलं वजन असते, पिन न घालताही ती उचलली जाते.

केबल ओवताना माहितीपत्रकातलं चित्र शेजारी ठेवून एकेका पुलीपाशी थांबा. पुलीच्या कडेला केबल खोबणीबाहेर जाऊ नये म्हणून एक छोटी पट्टी किंवा पिन असते. केबल त्या पट्टीच्या आतून गेली पाहिजे, बाहेरून नव्हे. बाहेरून गेलेली केबल पहिल्या आठवड्यात काही करत नाही, नंतर कवच सोलते. दोन आकारांच्या पुल्या असतील तर त्यांची अदलाबदल हीही नेहमीची चूक, त्यात केबल अचानक आखूड किंवा लांब पडते आणि दोष मात्र केबलला जातो. सगळं झालं की प्रत्येक वळणाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी केबल बदलताना तो सोन्याच्या मोलाचा.

केबल: ताण, झीज आणि शेवट

वरून काळी प्लॅस्टिकची दिसणारी ही केबल आत तारेचा दोर असते. चांगल्या केबलमध्ये सात पेड आणि प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे १३३ बारीक तारा. बारीक तारांमुळेच ती पुलीवर लवचिकपणे वळते. प्रत्येक फेरीत या तारा वाकतात आणि सरळ होतात. तार हातात घेऊन वाकवत राहिलो की शेवटी तुटते, तेच इथे हजारो फेऱ्यांत सावकाश होतं. पुली जितकी लहान तितकं वळण तीव्र आणि केबलचं आयुष्य कमी. म्हणून लहान पुल्यांच्या सुबक यंत्रापेक्षा मोठ्या पुल्यांचं ओबडधोबड यंत्र केबलला सोसतं.

केबल मधोमध क्वचितच तुटते. तुटते ती टोकाशी, जिथे तारा दाबून बसवलेल्या असतात, किंवा ज्या पट्ट्यावर ती रोज त्याच पुलीवरून वळते तिथे. महिन्यातून एकदा पिन काढून, केबल ढिली करून, या जागांवरून नजर आणि कोरडं फडकं फिरवा. फडक्याचा धागा अडकला तर तिथे तार बाहेर आली आहे. बोट फिरवू नका, बारीक तार सुईसारखी घुसते. कवचाला चीर, आतली चंदेरी तार दिसणं, कुठे फुगवटा, कुठे पक्का बाक, यांपैकी काहीही दिसलं की केबल बदलायची. त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळणं म्हणजे फक्त दोष झाकणं, शिवाय टेपेचा जाडपणा पुलीत अडकतो तो वेगळाच. लॅट बार ओढताना केबल तुटली तर बार तोंडावर किंवा मांडीवर येतो. रोजचा वापर असेल तर काही दिसत नसलं तरी दोन-तीन वर्षांनी केबल बदललेली बरी.

नवी केबल मागवताना लांबी टोकापासून टोकापर्यंत, ताणलेल्या अवस्थेत मोजा, कवचासकट जाडी मोजा आणि दोन्ही टोकांचे फोटो पाठवा: एका टोकाला गोळा, दुसऱ्याला बोल्ट, की दोन्हीकडे डोळा. कंपनी बंद झाली असली तरी जिमचं सामान बनवणारे मापाप्रमाणे केबल करून देतात. नुसती तार आणून घरी क्लिपा मारण्याचा उद्योग करू नका. त्या टोकाची ताकद आपल्याला घरी तपासता येत नाही.

ताण किती असावा? वरची प्लेट खालच्या प्लेटवर पूर्ण टेकलेली आणि केबल खोबणीत सरळ बसलेली, पण बोटाने दाबली तर किंचित दबणारी. जास्त ताणली तर वरची प्लेट दोन-तीन मिलिमीटर अधांतरी राहते, दांड्याची भोकं प्लेटच्या भोकांसमोर येत नाहीत आणि पिन जाईना म्हणून लोक ती ठोकून बसवतात. कमी ताणली तर पहिले काही सेंटिमीटर हात रिकामाच जातो, मग झटका बसतो, आणि ढिली केबल खोबणीतून उडी मारते. ताण बदलायला केबलच्या बोल्टाच्या टोकावर आटे असतात. ते फिरवताना किमान १२ मिमी आटे आत गुंतलेले हवेत, आणि शेवटी लॉक नट आवळायला विसरू नका. लॉक नट नसेल तर रोजच्या हादऱ्याने तो बोल्ट स्वतःच हळूहळू उलगडत जातो.

पिनेबद्दल थोडं कडक

पिन पूर्ण आत, टोकापर्यंत. अर्धी गेलेली पिन हलक्या ओढीला टिकते आणि पाचव्या-सहाव्या रेपला (एकदा उचलून सोडणं म्हणजे एक रेप), प्लेट्स डोक्याइतक्या उंच असताना निसटते. पिन हरवली म्हणून स्क्रूड्रायव्हर किंवा सळईचा तुकडा घालणं सर्रास चालतं, पण त्याचा व्यास कमी असतो आणि त्याला अडवणारं काही नसतं. त्याच मापाची पिन स्वस्तात मिळते. जुनी पिन थोडी जरी वाकली असेल तर तीही बदला.

स्टॅक कमी पडतो म्हणून वर डंबेल ठेवणं किंवा दोरीने प्लेट बांधणंही नको. केबल, पुली आणि चौकट त्या भारासाठी आखलेल्या नाहीत.

प्लेट्स मध्येच अडकून वर राहिल्या तर खाली हात घालून मोकळ्या करायला जाऊ नका. आधी वर अडकलेल्या प्लेट्सखाली लाकडी ठोकळे घालून त्यांना टेकू द्या, मग कारण शोधा. घरात लहान मुलं असतील तर वापर संपला की पिन काढून उंचावर ठेवायची सवय लावा. मुलांची बोटं स्टॅकच्या फटीत जातात आणि दुसरा भाऊ बार ओढतो, पिन काढली की या अपघाताचा धोका कमी होतो, पण वरची प्लेट तेव्हाही उचलली जाते, म्हणून लक्ष हवंच.

व्यायाम करताना यंत्र जे बिघडवतं आणि जे वाचवतं

झटका मारून ओढलं की स्टॅकला वेग येतो, तो पुढे स्वतःच वर जातो, केबल क्षणभर ढिली पडते आणि मग सगळं वजन एकदम केबलवर आदळतं. त्या क्षणी केबलला पिनेवरच्या आकड्याच्या कितीतरी पट ताण बसतो. आणि स्नायूंना? वेग आलेल्या टप्प्यात जवळजवळ काहीच नाही. उचलायला दोन सेकंद, सोडायला दोन-तीन सेकंद, आणि खालच्या प्लेट्सवर न आपटता बोटभर वर थांबून पुढचा रेप. इतकं पाळलं की केबलही टिकते आणि स्नायूंना खरं कामही मिळतं.

बसण्याची जुळणी प्रत्येक वेळी बदला, घरातल्या दुसऱ्याने वापरल्यावर तर नक्कीच. लेग एक्स्टेंशनमध्ये दांडा ज्या बोल्टवर फिरतो त्याच्या रेषेत गुडघा आला पाहिजे. सीट पुढे-मागे होत नसेल तर पाठीमागे घट्ट उशी घाला. हे जुळलं नाही तर रोलर नडगीवर वर-खाली घसरतो, आणि त्रास गुडघ्याला. चेस्ट प्रेसच्या मुठी छातीच्या मध्याला, खांद्याच्या उंचीला नव्हे. लॅट बार छातीच्या वरच्या भागाकडे ओढा, मानेमागे नको, आणि मांड्या रोलरखाली अडकवूनच बसा, नाहीतर जड वजनाला बार तुम्हालाच वर ओढतो.

श्वास कोंडून धरू नका. ढकलताना-ओढताना सोडायचा, परतताना घ्यायचा. रक्तदाब, हर्निया, खांद्याचं किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांशी बोलणं गरजेचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. नवख्याला एका प्रकाराचे दोन-तीन सेट (सलग केलेल्या रेप्सचा एक गट म्हणजे सेट), प्रत्येकी ८ ते १२ रेप्स, पुरे. शेवटच्या दोन रेप्सना कष्ट पडले पाहिजेत पण बसण्याची ढब मोडता कामा नये. यंत्राचा खरा फायदा इथे आहे: एकट्याने थकेपर्यंत करता येतं. छातीवर बार अडकण्याची भीती नसते, हात थकला तर सावकाश सोडून द्यायचं.

अडचण येते ती वजन वाढवताना. प्लेट पाच किलोंची असेल तर ४० वरून ४५ ही साडेबारा टक्क्यांची वाढ, पण १० वरून १५ ही थेट पन्नास टक्क्यांची. खांद्याच्या किंवा बायसेप्सच्या प्रकारांत लोक इथेच अडकतात आणि मग अंग झोकून उचलायला लागतात. यावर दोन उपाय. एक, आधी रेप्स वाढवा: ८ पासून १५ पर्यंत जा, तिन्ही सेट १५ ला आले की मगच पुढची प्लेट, आणि तिथे पुन्हा ८ पासून. दुसरा उपाय म्हणजे वर केलेली मोजणी. निम्म्या प्रमाणाच्या स्टेशनवर तोच प्रकार करता येत असेल, तर पाच किलोंची पायरी हाताला अडीच किलोंची होते. स्टॅकवर बसणारी सव्वा किलोची चुंबकी वजनंही मिळतात. तेवढी चालतात, कारण ती एकूण क्षमतेच्या आतच वापरायची असतात.

पायांच्या बाबतीत मात्र मल्टीजिम कच्चं. लेग एक्स्टेंशनने मांडीचा पुढचा भाग होतो, पण नितंब, मागची मांडी आणि उठण्या-बसण्याची ताकद त्यातून येत नाही. तालमीतल्या बैठका इथे यंत्रापेक्षा वरचढ. त्या सोप्या पडायला लागल्या की लो पुलीचा आखूड बार दोन्ही हातांनी धरून, पुलीकडे तोंड करून बैठका घाला. केबल पुढे ओढते म्हणून भार टाचांवर ठेवावा लागतो आणि पाठ सरळ राहते.

आवाज आणि त्यांचा अर्थ

दर फेरीला एकाच जागी "टक" वाजलं तर बहुधा केबलवर एखादा फुगवटा किंवा बाक आहे आणि तो पुलीवरून जातोय. सतत कर्रकर्र म्हणजे पुलीचं बेअरिंग. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलं की नवं मिळतं, अख्खी पुली बदलावी लागत नाही. स्टॅक वर जाताना थरथरत, अडखळत गेला तर रॉड कोरडे किंवा मळलेले. आणि दांड्यांच्या मुळाशी चिंचिं म्हणजे तिथली बुश, म्हणजे दांडा ज्या छोट्या नळीत फिरतो ती, कोरडी.

रॉडसाठी सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून रॉडवर पातळ पुसायचा. आधीचा काळा मळ कोरड्या फडक्याने काढल्याशिवाय नाही. ग्रीस, खोबरेल, शिवणयंत्राचं तेल हे सगळं पहिल्या दिवशी छान चालतं आणि महिन्याभरात धूळ धरून रॉडवर काळी लापशी तयार करतं. गंज सोडवणारे स्प्रे गंज सोडवायलाच ठीक, त्यांचा थर टिकत नाही. रॉडवर बारीक गंज धरला असेल तर सगळ्यात बारीक स्टीलवूल आणि दोन थेंब तेलाने हलक्या हाताने पुसा, मग तेल पूर्ण काढून सिलिकॉन. भांड्यांची हिरवी घासणी नको, क्रोमवर ओरखडे पडले की पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. केबलला काहीही लावायचं नाही.

घाम क्षारयुक्त असतो, म्हणून मुठी आणि सीट वापरानंतर ओलसर व लगेच कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात कोकणपट्टीत रॉडचा हा कार्यक्रम पंधरवड्याला, एरवी महिन्याला. बोल्ट पहिल्या महिन्यानंतर एकदा आणि मग सहा महिन्यांनी आवळून घ्या.

घर बदलताना

मल्टीजिम अख्खं उचलून नेता येत नाही, प्लेट्ससकट तर विचारही नको. आधी पिन काढा, केबल्स सोडा आणि प्रत्येकीवर चिकटपट्टीने नाव लिहा: वरची, मधली, पायांची. केबल गुंडाळताना मोठा वेटोळा करा, दुमडून पिशवीत कोंबली की पक्का बाक बसतो. मग वरची चौकट सोडून रॉड मोकळे करा आणि प्लेट्स एकेक काढून दोन-दोनच्या गठ्ठ्यात नेऊ द्या. रॉड जुन्या चादरीत गुंडाळा, टेम्पोत चौकटीखाली गेले आणि एक मिलिमीटरनेही वाकले तर स्टॅक कधीच नीट चालणार नाही. नट-बोल्ट वेगळ्या डब्यात टाकण्याऐवजी ज्या भोकातून काढले तिथेच परत सैल लावून ठेवा, नव्या घरी जोडणीचा निम्मा वेळ वाचतो.